एकट्याला न झेपणारी गाडी

जगात वाईट गाड्या पुष्कळ झाल्या. त्यातल्या बऱ्याच मी पाहिल्या आहेत, म्हणजे फोनवर. मुलीची बारावी झाली आणि बायको तिला घेऊन परत गेली, तेव्हापासून सौदीतल्या खोबरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटा आहे. ऑफिस धाहरानला, जवळच. संध्याकाळी यायचं, कुकर लावायचा, वरणभाताचं ताट घेऊन बसायचं आणि फसलेल्या गाड्यांचे व्हिडिओ लावायचे. एका गाडीला दार होतं ते पुढे, नाकाच्या जागी. भिंतीला टेकवून उभी केली की आतला माणूस आतच. एक पाण्यातही चालायची. रस्त्यावर ती होडीसारखी डुलायची आणि पाण्यात गाडीसारखी बुडू पाहायची. तीन चाकांची एक होती, ती वळणावर आडवी व्हायची. एकीत पुढचे पुढे तोंड करून आणि मागचे मागे तोंड करून, पाठीला पाठ लावून बसायचे. ती फार कोणी घेतली नाही. नवरा-बायकोला पाठीला पाठ लावून राहायला गाडी कशाला लागते, असं मी एकदा बायकोला फोनवर म्हणालो. ती हसली नाही. "जेवलात का?" म्हणाली.

हे वेड मला लागलं कारण अशीच एक गाडी माझ्या नावावर आहे. तिचं नाव सांगत नाही. काढणाऱ्या कंपनीनेच ते विसरायचं ठरवलंय, मी कशाला आठवण करून देऊ? चार-दोन वर्षं ती निघाली आणि गपचूप बंद झाली. मी घेतली तेव्हा ती सेकंडहँड होती आणि विकणारा माणूस फारच हसतमुख होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती काढणारे लोक थंड देशातले असणार. अख्खं छत काचेचं, आणि त्याला पडदा नाही. तिकडे त्यांना उन्हाचं अप्रूप असेल. इथे जूनमध्ये डोक्यावर काच म्हणजे आपण तव्यावर बसलोय आणि वरून झाकण ठेवलंय. मागच्या सीटला एसीची हवा पोचत नाही. मुलगी शाळेतून यायची ती घामाने निथळत, "पप्पा, इट्स सो एम्बॅरसिंग" असं म्हणत. घाम एम्बॅरसिंग की गाडी, हे मी विचारलं नाही. पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायचा तर आधी अख्खा बंपर उतरवावा लागतो.

पण हे सगळं परवडलं. खरी करामत वेगळीच होती. गाडीच्या दारांना हँडल आहे, पण कुलूप सुटतं ते बटणाने, आणि ते विजेवर चालतं. बॅटरी आहे ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे बॅटरी उतरली की दार उघडत नाही, आणि दार उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. हे ज्याने कागदावर काढलं त्याला शिकवलं कोणी, आणि ज्याने पास केलं त्याने नुसता चहा प्यायला का, हा प्रश्न मला अजून पडतो. मीही इंजिनीयर आहे, पंपांचा. पंपात कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता.

इथल्या उन्हात बॅटऱ्या टिकत नाहीत. म्हणून या गाडीचे मालक एक युक्ती करतात. ड्रायव्हरची काच कायम चार बोटं खाली ठेवायची. बॅटरी गेली की त्या फटीतून पडद्याचा गज आत घालायचा आणि पलीकडच्या दाराच्या आत एक छोटी खुंटी आहे, ती गजाने ओढून धरायची. त्याच वेळी पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने बाहेरून हँडल उचलायचं. दोन्ही एकदम झालं तर दार उघडतं. एकट्या माणसाला ते जमत नाही, हात पोचत नाही. मी प्रयत्न केलाय. बायको इथे होती तोवर ती पलीकडे उभी राहायची, एका हातात पर्स, एका हातात हँडल. ती गेल्यावर मी बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, हाक मारायचो. तो सुदानी, भला माणूस. पण दर वेळी तो माझ्याकडे अशा दयेने बघायचा की नको वाटायचं.

ऑफिसच्या कामाने मी एकदा हुफूफला गेलो होतो. काम आटोपलं, खजूर घ्यावेत म्हणून जुन्या बाजाराकडे वळलो. बाजाराच्या मागे धुळीत एक गाडी उभी दिसली. तीच. रंग वेगळा, पण तीच. इतक्या वर्षांत सौदीच्या रस्त्यावर मला दुसरी दिसली नव्हती. मी जवळ गेलो. ड्रायव्हरची काच चार बोटं खाली होती. मला इतका आनंद झाला की खजूर राहिले बाजूला, मी तिथेच सावलीत उभा राहिलो. हिचा मालक कसा असेल ते बघितल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं.

मालक आला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात किल्ल्या. माझ्याकडे संशयाने पाहत त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तो मराठीत पुटपुटला, "मेली गेली परत."

मी पलीकडे गेलो आणि हँडल धरून उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं, आणि गाडीखाली मागे अडकवलेला गज काढला. दार पहिल्या झटक्यात उघडलं.

"तुमच्याकडे पण हाय?" त्याने विचारलं.

"आहे."

"कुनी घातली तुमच्या गळ्यात?"

असे आमचे भाई मला भेटले. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ म्हणायचे. गाव रत्नागिरीच्या बाजूला, खाडीच्या काठी. हुफूफच्या बाजारात कापडाचं दुकान चालवायचे, दुकान कफिलाच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या सौदी मालकाच्या, नावावर. मुलगे कतारला, बायको गावी एकटी. ते माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील. गाड्यांतलं त्यांनाही माझ्याइतकंच कळायचं, म्हणजे काही नाही.

त्यानंतर शुक्रवार ठरून गेला. आम्ही असं कधी म्हणालो नाही की शुक्रवारी भेटू. आपल्याकडे दोन पुरुष, पोरंबाळं असलेले, नुसतं भेटायला म्हणून दीडशे किलोमीटर जात नाहीत. लोक काय म्हणतील ते सोडा, आपल्यालाच लाज वाटते. काहीतरी काम लागतं. काम गाडी पुरवायची. "भाऊ, काचेचा आवाज येतोय जरा," असा फोन यायचा. मी म्हणायचो, "माझाही आरसा हलतोय, येतो." त्यांची जुम्म्याची नमाज झाली की मी पोचायचो. दुकानामागच्या खोलीत ते भाकरी आणि माशाचं सार करून ठेवत. जेवायचं आणि मग दोन गाड्या शेजारी शेजारी लावून त्यांच्याकडे बघत बसायचं. दुरुस्ती क्वचितच व्हायची.

सनाइयात, म्हणजे गावाबाहेर जिथे सगळी गॅरेजं आहेत तिथे, आमची ख्याती झाली होती. लाहोरचा एक मेकॅनिक आम्हाला लांबून पाहिलं की शटर अर्धं खाली ओढायचा. "साहब, दोनों को बेच दो," म्हणायचा. भाई विचारायचे, "लेगा कौन? तू लेगा?" त्यावर तो शटर उरलेलंही ओढायचा.

पार्ट कुठेच मिळायचे नाहीत. म्हणून आम्ही तश्लीहमध्ये जायचो, मोडीत काढलेल्या गाड्यांच्या बाजारात. मैलभर पसरलेलं वाळूतलं गाव आहे ते, नुसत्या मेलेल्या गाड्यांचं. नामांकित गाड्यांच्या रांगाच्या रांगा. त्यांच्यात आम्ही आमची एखादी शोधत हिंडायचो. एकदा सापडली. चाकं नाहीत, इंजिन नाही, छताची काच तेवढी शाबूत. भाई तिच्याभोवती फिरले, बॉनेटवरची वाळू तळहाताने पुसली. "आपलीच हो," म्हणाले. लग्नात लांबचा नातेवाईक भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. आम्ही तिच्यातून दाराचं एक बटण काढून घेतलं. ते घरी येऊन लावलं तर चालत नव्हतं. पण त्या दिवशी परत येताना मी गाडीत गाणं म्हणत होतो, हे मला लख्ख आठवतं. खूप दिवसांनी माझाच आवाज ऐकला आणि जरा दचकलो.

मला हे सरळ सांगायला हरकत नाही: त्या दिवसांत आठवड्यातला तोच एक दिवस मला दिवस वाटायचा. बाकीचे नुसते उजाडायचे आणि मावळायचे. बायकोशी रोज बोलणं व्हायचं, नाही असं नाही. भाजी काय केली, गॅस आला का, पोरीचा पेपर कसा गेला. पण ती तिकडच्या गडबडीत असायची आणि मी इकडच्या शांततेत. फोन ठेवल्यावर फ्लॅट आधीपेक्षा मोठा वाटायचा. चांगली गाडी घ्यायला माझ्याकडे काही कमी नव्हतं. ऑफिसातले म्हणायचे, इतका पगार आणि हा डबा? मी म्हणायचो, सवय झालीय. खरं तर चांगली गाडी घेतली असती तर शुक्रवारी कुठे जायचं, हा प्रश्न होता.

मग भाईंचा कफील वारला. म्हातारा शेवटपर्यंत दुकानात येऊन बसायचा, भाईंना भाऊच मानायचा. त्याच्या मुलांना कापडात रस नव्हता, तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्यांनी अदबीने सांगितलं, चाचा, खलास. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला थोडे महिने होते, तेवढ्यात आवरून भाईंनी कायमचं परत जायचं ठरलं.

"बरा झाला," भाई म्हणाले. "ती तिकडं एकटी. मी हिकडं एकटा. किती दिवस?" मी हो हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घोडं अडलं ते गाडीपाशी. इथे परदेशी माणसाच्या नावावर गाडी असेल तर त्याला कायमचं जाता येत नाही. आधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची, नाहीतर मोडीत देऊन कागदोपत्री संपवायची. भाईंनी गिऱ्हाईक शोधलं. लोक यायचे, काचेचं छत बघायचे, गजाची गोष्ट ऐकायचे आणि हसत निघून जायचे. गजाची गोष्ट सांगू नका असं मी त्यांना म्हणालो. "असा कसा? उद्या तो उन्हात आडकेल," भाई म्हणाले.

"मग तश्लीहला देऊन टाका."

"चालती गाडी कापायला देऊ?"

"मग मला द्या," मी म्हणालो.

मी ते विचार करून बोललो नाही, पण बोलल्यावर बरं वाटलं. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एक होती ती पुरली नाही का?" मुलगी मागून ओरडली, "सेम कार? पप्पा, व्हाय?" मी म्हणालो, पार्टला उपयोगी पडेल. ते उत्तर दोघींना पटलं नाही हे मला कळत होतं. भाईंना जाता यावं म्हणून, असं सांगितलं असतं तर बायकोला पटलं असतं. पण त्यापुढे मला आणखी बोलावं लागलं असतं, आणि माझा आवाज धड राहिला नसता.

नाव बदलायचं तर गाडी आधी फहसमध्ये पास व्हायला लागते. फहस म्हणजे सरकारमान्य तपासणी. लांबलचक शेड, गाड्यांची रांग, एका टोकाने आत जायचं, ब्रेक, दिवे, धूर सगळं बघतात, दुसऱ्या टोकाला निकाल हातात. त्यात नापास झालेली गाडीही मी घ्यायला तयार होतो, पण कायदा तयार नव्हता. आणि भाई तर नव्हतेच. "तुमाला दिली आणि ब्रेक लागला नाय, तर मी तिकडं गावी झोपू कसा?" असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा ती दिव्यांत नापास झाली. शेडच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. भाई कागद हलवत बाहेर आले आणि म्हणाले, "नापास!" त्यांचा चेहरा हसरा होता. माझाही असणार, कारण आम्ही तिथून थेट कबसा, म्हणजे इथला मसाल्याचा मटणभात, खायला गेलो. एका थाळीत जेवलो. बिर्याणी बरी की कबसा बरा यावर वाद घातला. भाईंनी गावच्या घराची वर्णनं केली, अंगणातून खाडी दिसते, भरतीला पाणी पायरीपर्यंत येतं. "तुम्ही याच. आमच्यात मासे खायाला," म्हणाले. मी येतो म्हणालो. इथे सगळे सगळ्यांना गावी बोलावतात आणि सगळे येतो म्हणतात.

बंपर उतरवून दिवे बदलले. दुसऱ्यांदा ती धुरात नापास झाली. पुन्हा कबसा. एव्हाना इकाम्याचे फार दिवस उरले नव्हते, भाईंच्या बायकोचे फोन वाढले होते. एकदा ते हात धूत असताना मीच त्यांचा फोन उचलला. वहिनी मला ओळखत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, गाडीचा होईल ना? का हे यायाचेच नायत?" मी म्हणालो, होईल, नक्की होईल. त्यांचा आवाज माझ्या बायकोच्या आवाजासारखाच होता, म्हणजे थकलेला आणि रागवायचं सोडून दिलेला. त्यानंतर मला कबसा गोड लागला नाही.

मग मीच लाहोरवाल्याला गाठलं आणि हात जोडले. एरवी शटर ओढणारा तो माणूस, चाचा घर जा रहे हैं हे ऐकल्यावर लगेच कामाला लागला. तीन-चार दिवस गाडी त्याच्याकडे होती.

तिसऱ्यांदा मी शेडच्या टोकाला उभा राहिलो ते, ती पास व्हावी असं मनाशी म्हणत. मला ती खरंच पास व्हायला हवी होती, आणि तरी भाई बाहेर येताना दिसले तेव्हा मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"झाली ओ पास," ते म्हणाले.

काचेवर नवं स्टिकर लावलं होतं. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहिलो. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. जेवायला जाऊ या असं कोणीच म्हणालं नाही. तिथेच सावलीत उभं राहून त्यांनी फोनवर सरकारी ॲप उघडलं, माझा इकामा नंबर टाकला. माझ्या फोनवर मेसेज आला. मी "मान्य" दाबलं. इतकी वर्षं, इतके शुक्रवार, आणि निकाल लागायला एक बोट पुरलं.

भाईंची गाडी मी खोबरला आणून लावली. जायच्या दिवशी माझी घेऊन पहाटेच हुफूफला गेलो, त्यांना दम्मामच्या विमानतळावर सोडायला. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, खजुरांचे डबे, एक घोंगडीचं गाठोडं. बाजारातले चार लोक निरोपाला आले होते. लाहोरवालाही आला होता, गॅरेजच्या कपड्यांतच. भाई पुढे बसले. हुफूफची खजुराची झाडं संपली, वाळू सुरू झाली.

मी आरशातून मागे बघत होतो, पुढे बघत होतो, काट्यांकडे बघत होतो. या रस्त्यावर ही गाडी मला चार वेळा सोडून गेली आहे. पेट्रोल पंपाशी एकदा, उंटांच्या पाटीपाशी एकदा, आणि दोनदा अशा जागी की तिथे सांगण्यासारखं काहीच नाही. आज मी तयार होतो. गज मागे होता. विमानाला वेळ भरपूर ठेवला होता, इतका की थोडी बंद पडली तरी चालणार होतं. थोडी पडावी, इतकंच माझं म्हणणं होतं. उतरू, एक जण इकडे, एक जण पलीकडे. विमान चुकू नये, नुसता थोडा वेळ.

भाई काचेबाहेर बघत होते. एकदा म्हणाले, "एसी बरा लागतोय आज." मी म्हणालो, "हो, लागतोय." कुठला आवाज नाही, कुठलं लाल चिन्ह नाही. विमानतळाचा फाटा आला तरी इंजिन एखाद्या चांगल्या गाडीसारखं चालत होतं.

उतरायच्या जागी थांबू देत नाहीत. शिपाई लांबूनच हात हलवत आला, "यल्ला, यल्ला." आम्ही घाईघाईने बॅगा काढल्या. भाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज बंद नाय पडली ओ."

"नाही पडली," मी म्हणालो.

"मी वाट बघत होतो," भाई म्हणाले, आणि गाडी ढकलत आत गेले, सामानाची.

शिपायाने बॉनेटवर थाप मारली. मी गाडीत बसलो. शेजारच्या सीटचा पट्टा त्यांनी नीट जागेवर लावून ठेवला होता.